आत ओढलेला काठ

“फुलं आत, काठ बाहेर,” बाइदेव म्हणाल्या, आणि द्वारकीनं चुकलेली घडी पुन्हा उलगडली.

सतरंजीवर सहा गमोसे होते. पांढरे स्वच्छ, टोकांना लाल पट्टा आणि पट्ट्याच्या वर लाल फुलांची ओळ. जालन्याच्या बाजारात कुणी गमोसा मागितला असता तर दुकानदारानं पंचा काढून दाखवला असता. पण ज्या आसामी माणसांच्या मुलखातलं हे कापड, त्यांना ते पंच्यासारखं वाटत नसे. चैत्रात त्यांचा बिहू यायचा, त्यांचं नवं वर्ष. त्या दिवशी घरच्या बाईनं स्वतः विणलेला गमोसा थोरांच्या गळ्यात घालायचा, गुडघे टेकायचे, की मागचं रुसणंफुगणं संपलं. विकतचा चालत नसे. “शेजारणीनं केलेली पुरणपोळी आपली म्हणून देवाला दाखवायची, तसं ते,” असं बाइदेवांनीच एकदा वर्गात सांगितलं होतं.

आणि हे सहाही गमोसे द्वारकीच्या बापाच्या, पुंजाराम साळ्याच्या मागावरून उतरले होते.

“हा राहू दे,” बाइदेवांनी तिच्या हातातला शेवटचा गमोसा काढून घेतला. “याची घडी मी घालते. तू तुझं भाषण म्हण बघू.”

द्वारकी लगेच उभी राहिली. भाषण म्हण असं तिला दोनदा सांगावं लागत नसे. दिवाळीआधी वक्तृत्वात तिचा पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून ती घरात पाणी मागायची तेसुद्धा हात वर करून. “अगं माय, वाढते ना,” तिची आई गोजरबाई म्हणायची, “सभा कशाला भरवून राह्यलीस?”

बाइदेव म्हणजे आसामी भाषेत थोरली बहीण. कन्याशाळेत इंग्रजी आणि गाणं शिकवणाऱ्या हेमप्रभा सैकियांना पोरी याच नावानं हाक मारत. नवरा स्टेशनात पार्सलबाबू. जालन्यात आसामी घरं सगळी मिळून सात, कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी जिनिंग प्रेसमध्ये. पण सात घरांची मंडळं मात्र दोन. प्रेसच्या फुकन इंजिनियरांच्या अंगणात ‘असम सेवा समिती’, नि स्टेशनाच्या क्वार्टरांत ‘लुइत मंडळ’. एकानं पूरग्रस्तांसाठी धान्य धाडलं की दुसरं घोंगड्या धाडणार. एकानं शाळेला घड्याळ दिलं, तर दुसऱ्यानं त्याच भिंतीवर त्याहून मोठा आरसा लावला. पोरींची चंगळ झाली, पण गावातले लोक हसत. “सात घरं न् दोन पाटील,” असं म्हणत.

भांडणाचं मूळ एका वाक्यात होतं. इंजिनियरांची आई, जिला सगळं गाव आइता म्हणायचं, म्हणजे आजी, तिनं आठ वर्षांपूर्वी भर बैठकीत बाइदेवांना ऐकवलं होतं, “जिला वीतभर गमोसा विणता येत नाही, ती समिती काय चालवणार?” बाइदेव लहानपणीच आईवेगळ्या झालेल्या, शिलाँगच्या बोर्डिंगात वाढलेल्या. मागावर कधी बसल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे विणता न येणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात हे त्या कुणाला सांगत नसत. त्या उठल्या त्या परत त्या अंगणात गेल्या नाहीत.

यंदा मात्र जावं लागणार होतं. जपान्यांच्या भीतीनं ब्रह्मदेशातून माणसं पायी आसामात उतरली होती, अंगावर धड वस्त्र नव्हतं. दोन्ही मंडळांनी कपडे गोळा केले, पण वेगवेगळे धाडले तर रेल्वेत जागा मिळेना. मग एकच गठ्ठा करायचा ठरलं, नि त्या निमित्तानं बिहूही एकच. सगळं जमलं तर मंडळही एकच व्हायचं होतं. आइतानं निरोप धाडला होता, “हेमला सांगा, माझ्या गळ्यात गमोसा घालायला ये. मागचं मी काढणार नाही.”

“बाहेर बोलायचं न्हाई बरं का,” पुंजारामनं लेकीला बजावलं होतं. “त्या बाईनं भरोशानं काम दिलं आपल्याला.”

“मी काय लहान हाय का, बाबा?”

“लहान असतीस तर सांगितलं नसतं.”

---

जिनिंग प्रेसच्या अंगणात मांडव घातला होता. एरवी जिथं कापसाच्या गाठी बांधत, तिथं फुकन इंजिनियरांनी कपडे दाबून दोन्ही मंडळांचा मिळून एक गठ्ठा बांधला होता, चौकोनी, टणक, वरून गोणपाट शिवलेला. त्याच्यावर दोन्ही नावं रंगवली होती. कोणतं वर यावं यावरून कुरबूर झाली, म्हणून शेवटी दोन्ही एका ओळीत घेतली, तेव्हा अक्षरं इतकी बारीक झाली की जवळ गेल्याशिवाय वाचता येईनात. गठ्ठ्याशेजारी सभेच्या परवानगीच्या कागदासोबत आलेला पोलीस स्टुलावर बसून चिवडा खात होता.

द्वारकीचं भाषण फक्कड झालं. ब्रह्मदेशातल्या वाटा, पायाला आलेले फोड, पाठीवरची लेकरं, सगळं तिनं असं उभं केलं की पुढे बसलेल्या एका सेठाणीनं डोळ्याला पदर लावला. टाळ्या वाजल्या. आइतासुद्धा टाळ्या वाजवत होती, पांढऱ्याशुभ्र केसांची, सुपारीनं ओठ लाल झालेली. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, धुतलेलं धोतर नेसून, पुंजाराम उकिडवा बसला होता. द्वारकीनं तिकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. पण त्याचे कान हसत होते, हे तिला लांबून कळलं.

मग गमोसे झाले. बाइदेवांनी एकेका घराच्या थोरल्याच्या गळ्यात घातला. लोक हातात घेऊन फुलं बघत, एकमेकांना दाखवत, त्यांच्या भाषेत काहीतरी छान छान म्हणत. कुणी एकानंही मागच्या खांबाकडं पाहिलं नाही. कशाला पाहतील? द्वारकीला हे कळत होतं. पण टाळ्या अजून तिच्या कानांत वाजत होत्या, आणि आपला बाप चपला काढून मांडवाच्या काठाला बसलाय, हे तिला एकाएकी सोसेना.

शेवटी आइता. बाइदेवांनी गमोसा घातला, गुडघे टेकले. आइतानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग गळ्यातल्या कापडाचा काठ दोन बोटांत धरला, अंगठा त्याच्यावरून वर नेला, खाली आणला. कितीतरी वेळ. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत विचारलं,

“हेम, हे कोणी विणलं?”

बाइदेवांनी मान वर केली. ओठ उघडले.

“आमच्या बाबांनी,” द्वारकी म्हणाली.

आवाज खणखणीत होता, भाषणातला तोच. “सगळेच्या सगळे. आमच्या मागावरच विणलेत. ते काय, ते बसलेत.”

सगळ्या माना वळल्या, तिला वळायला हव्या होत्या तशाच. पोलिसाच्या चिवड्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. पुंजाराम अर्धा उठला, हात वर करून “न्हाई, त्यातला—” एवढंच म्हणाला, तर गुडघ्यावर बसलेल्या बाइदेवांनी त्याच्याकडं पाहून हळूच नकाराची मान हलवली. तो तसाच वाकलेला राहिला, मग खाली बसला.

“हो का, हेम?” आइतानं विचारलं.

“हो,” बाइदेव म्हणाल्या. “पोरगी खरं सांगते.”

आइतानं गमोसा गळ्यातून काढला. सावकाश घडी केली, फुलं आत, काठ बाहेर, आणि द्वारकीच्या हातावर ठेवला.

“बाबाला परत दे तुझ्या. काम चांगलं आहे.”

एकेक करून बाकीच्यांचे हातही गळ्याशी गेले. कुणी काढला, कुणी नुसता खांद्यावरून मागं सारला. द्वारकीच्या तोंडात अजून पुढचं वाक्य तयार होतं, बाबांच्या कलेबद्दल. ते तिनं गिळलं.

---

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याची शिवण उसवली. इंजिनियरांचे दोन हमाल अंगणात बसून कपडे वेगळे करत होते, हे तुमचं, हे आमचं. एक परकर कुणाचा ते ठरेना, तर तो तिथंच धुळीत पडून होता. द्वारकी शाळेत जाताना हे बघून आली आणि तिनं रस्ता बदलला. आता ती खालच्या वेशीकडून वळसा घालून जायची.

वळसा घालून काय होणार होतं? शाळेत बाइदेव होत्याच. त्यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली, नेहमीसारखं “द्वारका, उभी राहा, धडा वाच,” म्हणाल्या. रागावल्या असत्या तर तिला रडता आलं असतं. तिनं धडा वाचला. स्वतःचाच आवाज तिला मोठा वाटला, म्हणून बारीक केला, तर बाइदेव म्हणाल्या, “ऐकू येत नाही मागं.” मागच्या बाकावरची एक पोरगी फिस्सकन हसली.

घरी पुंजाराम खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा, धोटा इकडून तिकडं मारायचा. कांड्या भरायला बसली की द्वारकी बोलायची, बोलतच राहायची.

“मी काय खोटं बोलले का? लोकांनी तुमचं नाव घ्यायला नको? नुस्ती त्यांचीच वाहवा?”

धोटा चालत राहिला. उत्तर गोजरबाईनं चुलीपासून दिलं.

“तुझ्या बापाचं नाव झालं ना मंग. आता त्या नावाला मीठ लावून खा. लुइतवाले परवा वाट सोडून गेले त्याला बघून.”

“मला काय माहीत असं व्हईल?”

“तुला टाळ्या माहीत. दुसरं काय माहीत तुला?”

परत आलेला गमोसा फडताळात तसाच पडून होता. शुक्रवारी, शाळेला जुम्म्याची साप्ताहिक सुट्टी होती तेव्हा, गोजरबाईनं तो काढला. “वाया कशाला घालवायचा? भाकरी बांधायला होतंय.” द्वारकी झटक्यात उठली, तिनं तो आईच्या हातातून ओढला आणि दाराशी उजेडात नेला. कशाला नेला, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. त्याच्यात भाकरी बांधलेली तिला बघवणार नव्हती, एवढंच.

तिनं तो उलगडला, आणि पहिल्यांदा नीट पाहिला.

ती साळ्याची पोर होती. चालायला लागली तेव्हापासून मागाच्या दोरीला धरून उभी राहिलेली. बापाचं कापड तिला अंधारात हातानं ओळखता यायचं. काठ असा सरळ की पट्टी लावावी. हा काठ सरळ नव्हता. खालच्या टोकाला रुंद, मग हळूहळू आत आत ओढलेला, मधे कंबर बारीक झाल्यासारखा. पुढं पुन्हा सैल सुटलेला, पुन्हा ओढलेला. नवखा माणूस बाण्याचा आडवा धागा असाच खेचतो. धोटा हातात आला की भीतीनं ताणतो, वाटतं, सुटला तर सगळंच सुटेल. दोन फुलांच्या मध्ये एक धागा ताण्याखालून जायचा तो वरून गेला होता. आणि तिथंच कुणीतरी तो उसवून पुन्हा घातल्याच्या, मग पुन्हा उसवल्याच्या खुणा होत्या.

“बाबा.”

धोटा थांबला.

“हा तुमचा न्हाई.”

पुंजारामनं मान वर केली नाही. ताण्यावरची धूळ फुंकली.

“न्हाई,” तो म्हणाला. “तो बाईनं विणलाय. म्हातारीसाठी. पाच मी केले, त्यांना तेवढा येळ न्हवता. पण म्हातारीचा मी स्वतःच करीन म्हणाल्या. शुक्रवारी शुक्रवारी येऊन बसायच्या. बोटं सुजायची.”

“कोणत्या शुक्रवारी? मी तर घरीच—” आणि ती थांबली. शुक्रवारी ती घरी नसायची. बाइदेवच तिला मोठ्या बाईंकडं भाषणाच्या तालमीला धाडायच्या. केवढी फुशारली होती ती त्या तालमींनी.

“तुम्ही सांगितलं न्हाई मला.”

“त्यांनी सांगू दिलं न्हाई. म्हणाल्या, पोरीसमोर मला असं धडपडताना बसवू नका. तिची मास्तरीण ऱ्हाऊ द्या मला.” त्यानं धोटा हातात घेतला, पुन्हा ठेवला. “त्या दिशी मी उठलो होतो सांगायला. पण भर सभेत तू खोटी पडली असतीस. बाईनं मला बसवलं.”

द्वारकीनं गमोसा छातीशी धरला. चूल, माग, आईचं वाकलेलं डोकं, सगळं जागच्या जागी होतं, आणि तिला कुठं बघावं ते कळेना. तिला आठवलं, आइतानं विचारलं तेव्हा बाइदेवांचे ओठ उघडले होते.

---

आइता ओसरीवर स्वतःच्या मागावर बसली होती. सुटा करून रेल्वेनं आसामातून आणलेला तो माग, जालन्याच्या उन्हात लाकूड तडकलेलं. द्वारकी पायरीशी उभी राहिली. वाटेत तिनं माफीचं सगळं जुळवून आणलं होतं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. त्यातलं एकही आठवेना.

“आइता, हा बाइदेवांनी विणलाय.”

“ठाऊक आहे मला,” म्हातारी म्हणाली. हात थांबला नाही.

“तुम्हाला?”

“साठ वर्षं विणते मी. काठाला बोट लावलं न् कळलं. अशी ओढ शिकणाऱ्याची असते. म्हणून तर विचारलं. मराठीत विचारलं, सगळ्यांना कळावं म्हणून. तिनं आपल्या तोंडानं सांगावं, मी विणलं. मी आठ वर्षांपूर्वी जे बोलले ते सगळ्यांसमोर पुसून जावं.”

द्वारकीला पायरीचा दगड पायाखाली चटके देत होता. ती हलली नाही.

“मंग परत का केला तुम्ही?”

आता हात थांबला. आइतानं सुपारीच्या डब्याकडं हात नेला, मधेच मागं घेतला.

“ती हो म्हणाली. मला वाटलं, माझ्या गळ्यात घातला खरा, पण माझ्यासमोर ‘मी शिकले’ असं म्हणायला तिला कमीपणा वाटतो. मलाही राग आला मंग.” ती आपल्या बोटांकडं बघत म्हणाली, “ती तुला सांभाळून घेत होती, हे माझ्या ध्यानात नाही आलं. माझी जीभ पण तुझ्यासारखीच आहे, पोरी. आधी चालते.”

ती उठली. गुडघे कटकटले. दारामागची छत्री घेतली, चपला घातल्या. द्वारकी गमोसा हातात धरून मागं मागं चालू लागली. प्रेसच्या फाटकातून, दोन वेगळे गठ्ठे भिंतीला टेकवून ठेवले होते त्यांच्याजवळून, धुळीच्या रस्त्यानं. लोक बघत होते. पानवाल्यानं हात जोडले. “आइता, आज स्टेशनाकडं?” त्यानं विचारलं. आइतानं छत्री थोडी तिरकी केली, एवढंच.

रेल्वेचं फाटक बंद होतं. परतूरकडची मालगाडी यायची होती. दोघी दांड्यापाशी थांबल्या. पलीकडं क्वार्टरांची रांग दिसत होती, तिसऱ्या दारात पाण्याचा माठ. द्वारकीच्या मनात वाक्यं पुन्हा जुळू लागली. बाइदेव, माझी चूक झाली. बाइदेव, मी सगळ्या शाळेसमोर सांगते. बाइदेव, मी भाषणच करते की हा गमोसा...

“आण इकडं,” आइता म्हणाली.

तिनं गमोसा घेतला, उलगडला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भर रस्त्यात तो गळ्यात घातला. ओढलेला काठ समोर येईल असा. मग द्वारकीकडं वळली. आवाजात राग नव्हता.

“आता तू बोलू नकोस.”

गाडी आली. डब्यामागून डबा, कापसाच्या गाठींनी भरलेला, जमीन हादरवत गेला. फाटकवाल्यानं दांडा वर केला.

बाइदेव दारातच होत्या, माठ कलता करून तांब्या भरत. त्यांनी आधी आइताचा चेहरा पाहिला, मग गळा, आणि मग नजर त्या काठाशी येऊन थांबली. तांब्या भरून पाणी बाहेर वाहू लागलं. द्वारकी चार पावलं मागं उभी होती. सगळी वाक्यं दातांपर्यंत आली होती. तिनं ओठ मिटून धरले आणि धुळीनं माखलेल्या स्वतःच्या पायांकडं बघत राहिली.